एखादं संकट सांगा

माझ्या नवऱ्याला इंग्रजी येणार नाही, हे मला पहिल्याच दुपारी कळून चुकलं होतं. वर्षानुवर्षं पोरांना शिकवून एक नजर तयार होते. कोणाला समजत नाही आणि कोणाला समजतं पण बोलायची लाज वाटते, हे पहिल्या दोन वाक्यांत ओळखू येतं. नवऱ्याचं दुखणं दोन्हींपेक्षा वेगळं होतं. त्याला समजत होतं, लाजही वाटत नव्हती, पण काल आणि उद्या हे दोन्ही त्याच्या इंग्रजीत शिरायलाच तयार नव्हते. काल काय केलं विचारलं तरी "आय गो", उद्या काय करणार विचारलं तरी "आय गो".

"काल गेलात ना तुम्ही बाजारात? मग वेंट म्हणा."

"वेंट."

"आता सगळं वाक्य."

"यस्टर्डे आय गो वेंट मार्केट."

मी कपाळाला हात लावला. नवरा मात्र शांतपणे मांडीवरचं जाळं पुढे सरकवून पुढचं भोक शोधू लागला.

मी रत्नागिरीतल्या एका विनाअनुदानित इंग्रजी शाळेत तिसरी-चौथीला इंग्रजी शिकवते. माहेर राजापूरकडचं, खाडीकाठचं. कॉलेजात इंग्रजी विषय घेतला तेव्हा आमचे चुलते म्हणाले होते, "मासे काय इंग्रजीत इकणार काय?" मासे विकावे लागले नाहीत, पण लग्न मासेमारी करणाऱ्या घरातच झालं. नवरा तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान. बोट स्वतःची नव्हे, शेठची. मासळी वर्षागणिक कमी होत चालली होती, आणि गेल्या सीझनच्या शेवटी शेठने त्याला बोलावून सांगितलं की पुढच्या वर्षी मी दुसरा तांडेल बघितलाय. राग नव्हता, भांडण नव्हतं. दुसरा तांडेल तरुण होता, एवढंच.

मग आमच्या वाडीतला एक मुलगा सुट्टीवर आला. तो आखातात टगवर असतो. टग म्हणजे मोठमोठ्या जहाजांना बंदरात ओढून आणणारी लहान पण दणकट बोट. त्याने मुंबईच्या एजंटकडे शब्द टाकला. कागदपत्रं झाली. राहिली मुलाखत, आणि ती इंग्रजीत. टगवर सगळं बोलणं वायरलेसवर, आणि वायरलेसवर मराठी चालत नाही. शिवाय वयाची अट होती आणि नवरा त्या अटीच्या अगदी काठावर उभा होता. या श्रावणात जमलं तर जमलं, पुढच्या वर्षी त्याचा अर्जसुद्धा कोणी हातात घेतला नसता. मग मिरजोळ्याच्या एमआयडीसीत वॉचमनची टोपी, नाहीतर कालच्या पोराच्या हाताखाली खलाशी. तो वॉचमन होईल, खलाशी होणार नाही, हे मला माहीत होतं. आणि वॉचमन झालेला माझा नवरा मला बघवणार नाही, हेही माहीत होतं.

म्हणून मासेमारी बंदीच्या त्या दोन महिन्यांत, शाळा सुटल्यावर रोज दुपारी, आम्ही पडवीत बसायचो. तो दुसऱ्यांची जाळी मजुरीवर शिवत बसायचा आणि मी त्याच्याकडून काळ घोटून घ्यायची. घरात मी त्याला अहो-जाहो करते. इंग्रजीत ती भानगडच नाही, याचं मला पहिले काही दिवस फार बरं वाटलं. 'यू आर राँग' असं त्याला तोंडावर सांगायला मिळत होतं. नंतर त्यातलीही मजा गेली, कारण तो रोजच राँग होता.

हळूहळू मला त्याची खोच कळली. बोटीवर तांडेल गोष्टी सांगत नाही, हुकूम देतो. धर, सोड, ओढ, वळव. त्याच्या तोंडात क्रियापद येतं ते असंच, उघडंबोडकं. त्याला मागचंपुढचं काही चिकटवायची सवयच नाही. मी तीन-तीन रूपं पाठ करायला लावली. गो-वेंट-गॉन, सी-सॉ-सीन, सिंक-सँक-संक. तो म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी कोरा.

पाठ केली ती माझ्या जावेने.

माझी मोठी जाऊ त्याच पडवीत, दाराच्या दुसऱ्या बाजूला, सुपात जवळा निवडत बसायची. ती सुकी मासळी बाजारात विकते. शाळा नववीत सुटलेली, पण डोकं असं की माझ्या वर्गात असती तर मी तिला मॉनिटर केलं असतं. नजर सुपात, कान आमच्याकडे. मी "कॅच" म्हटलं आणि नवरा छताकडे बघत बसला, की सुपाच्या तालावर तिकडून यायचं, "कॉट, कॉट." पाऊस कौलांवर वाजत असायचा आणि तेवढ्यातून तिचा आवाज.

"भावोजी, तुम्ही ऱ्हवा घरी," ती म्हणायची. "मीच जाते टगवर. निदान जवळा तरी नीट शिजवून घालीन सगळ्यांना."

नवरा हसायचा. त्या दिवसांत तो फक्त तिच्या बोलण्यावर हसायचा.

तिचा नवरा, माझा थोरला दीर, काही वर्षांपूर्वी समुद्रात गेला तो सापडला नाही. तेव्हा दोघा भावांची स्वतःची छोटी बोट होती. दीर तांडेल, माझा नवरा इंजिनवर. सीझन संपत आला होता, एकाएकी वारं सुटलं. बोट बाजूने खडकाला घासून, फळ्या मोडून घरी आली, आणि दीर आला नाही. माझ्या नवऱ्याने जेट्टीवर उतरून सांगितलं ते एवढंच: "लाट आली. दादा दिसंनासा झाला." बाकीचे चौघे खलाशी नेपाळचे. ते त्याच आठवड्यात आपल्या मुलखाला गेले ते पुन्हा इकडे फिरकले नाहीत. बोट दुरुस्त करण्यासारखी नव्हती, विकून टाकली.

आमच्याकडे समुद्रात गेलेला माणूस सापडला नाही तर घरच्यांनी त्याला 'गेला' म्हणायचं नसतं. प्रेत किनाऱ्याला लागत नाही तोवर तो बोटीवर आहे. सुतक नाही, दिवस नाहीत, बाईच्या कपाळाचं कुंकू पुसायचं नाही. कोणी विचारलं तर "बोटीवर हाय" म्हणायचं, आणि विचारणाराही समजून पुढचं विचारत नाही. मी या घरात नवी होते तेव्हा मला ही रीत मायेची वाटायची. नंतर नंतर तिचा राग येऊ लागला. चाळिशीच्या आतली बाई ना धड सवाष्ण ना विधवा, हळदीकुंकवाला बोलावलं तर ती जाते पण बायका तिच्या हातून ओटी भरून घेताना क्षणभर थांबतात. ते क्षणभर थांबणं मी कितीदा तरी बघितलं आहे. तिच्या माहेरच्यांनी एकदा दुसऱ्या लग्नाचा विषय काढला होता. स्थळ बरं होतं, सावर्ड्याकडचा दुकानदार, बायको वारलेली. जाऊ माझ्या नवऱ्याकडे बोट दाखवून त्यांना म्हणाली, "हे सोता व्हते तिथं. हे म्हणतात दिसंनासा झाला. बुडला असा कुठं म्हणतात?" नवरा तेव्हा तिथेच बसला होता. तो मान खाली घालून बसून राहिला. स्थळ परत गेलं.

तर मुलाखत जवळ येत चालली होती. वाडीतल्या त्या मुलाने नेहमी विचारले जाणारे प्रश्न मोबाइलवर पाठवले होते. नाव काय, अनुभव किती, आग लागली तर काय कराल, माणूस पाण्यात पडला तर वायरलेसवर काय बोलाल. ही उत्तरं मी त्याच्याकडून पाढ्यासारखी घोटून घेतली. शेवटचा प्रश्न मात्र पाठ करण्यातला नव्हता. 'समुद्रावर तुमच्यावर आलेलं एखादं संकट सांगा. तेव्हा तुम्ही काय केलंत?' या एका प्रश्नावर माणूस पास होतो किंवा नापास, असं त्या मुलाचं म्हणणं होतं. बाकीचं सगळे पाठ करून येतात हे साहेबांनाही ठाऊक असतं.

मी आधी एक गोष्ट रचून दिली. इंजिन बंद पडलं, मी वायरलेसवर मदत मागितली, दुसरी बोट आली. सोपी वाक्यं, सरळ भूतकाळ. दोन दिवस प्रयत्न केला. प्रत्येक वेळी दुसरी बोट येण्याआधीच त्याची गाडी अडायची. मग तो बाहेर पावसाकडे बघायचा. माझे हात टेकले होते. चार दिवसांवर मुंबईला जायचं आणि हा माणूस एक खोटं इंजिन बंद पाडू शकत नव्हता.

"हे तुम्हाला कधीच येणार नाही," मी म्हटलं. माझा आवाज चढलाच होता. "रचलेलं आहे म्हणून विसरता. काहीतरी खरं घडलेलं सांगा. खरं सांगताना माणूस अडत नाही. इतकी वर्षं समुद्रावर काढलीत, एक खरा प्रसंग नाही तुमच्याकडे?"

त्याने सुई जाळ्यात खोचून ठेवली. मग सुरुवात केली.

"वन डे आय गो टू सी."

"वेंट."

"वेंट. विथ माय ब्रदर. माय ब्रदर इज तांडेल."

"वॉज," मी म्हटलं.

म्हटलं आणि माझं मलाच ऐकू आलं. त्या घरात दिराविषयी कोणी होता म्हटलेलं नव्हतं. पलीकडे सूप वाजायचं थांबलं. मला वाटलं आता नवरा उठून जाईल. तो उठला नाही. माझ्याकडे बघून त्याने शांतपणे तो शब्द उचलला. "वॉज," तो म्हणाला. "माय ब्रदर वॉज तांडेल."

आणि मग तो अडला नाही. मी खरंच सांगत होते, खरं सांगताना माणूस अडत नाही. वारं आलं. जाळं पंख्यात गेलं, म्हणजे बोटीच्या पंख्याला गुंडाळलं. इंजिन बंद. बोट खडकाकडे चालली. असं झालं की कोणीतरी सुरी घेऊन खाली उतरतं आणि जाळं कापून पंखा मोकळा करतं, हे या धंद्यात नेहमीचं आहे. कमरेला दोर बांधायचा, वर एकाने तो धरायचा. खालच्याने झटका दिला की वरच्याने ओढायचं. दीर उतरला. दोर माझ्या नवऱ्याच्या हातात.

मी मधे मधे दुरुस्त करत होते. लाजिरवाणी गोष्ट आहे, पण जीभ थांबत नव्हती. तो "कम" म्हणाला, मी "केम" म्हटलं. तो "कट" म्हणाला, ते बरोबर होतं, मी मान हलवली. जे ऐकत होते त्याचा अर्थ मनात उतरत होता आणि तोंड आपलं तिसरीच्या वर्गात होतं.

"आय पुल. ही नॉट कम. आय पुल, पुल. ही नॉट कम. रॉक हिअर." त्याने पडवीच्या खांबाकडे हात केला. एवढं जवळ. मग थांबून, जाळ्यात बघत, मराठीत विचारलं, "दोर सोडणं म्हणजे काय म्हणायचा?"

पलीकडचं सूप अजून थांबलेलंच होतं.

"लेट गो," मी म्हटलं.

"आय लेट गो," तो म्हणाला. "देन आय स्टार्ट इंजिन."

स्टार्टेड असं मी म्हटलं नाही. पंखा मोकळा झाला होता, इंजिन चालू झालं, बोट खडकाला घासून बाहेर निघाली, पाच माणसं वाचली. हे त्याने पुढे तीन-चार वाक्यांत सांगितलं. पंख्याशी दीर होता. इंजिन चालू करताना तो जिवंत होता की आधीच संपला होता, हे त्या गोष्टीत नव्हतं. मी तेव्हा विचारलं नाही. आजवर विचारलेलं नाही.

सूप पुन्हा वाजू लागलं होतं. जाऊ खाली बघून जवळा निवडत होती. नेहमीसारखीच. थोड्या वेळाने ती उठली, सूप घेऊन आत गेली आणि संध्याकाळच्या भाताला लागली.

मी नवऱ्याला घरामागच्या परड्यात गाठलं. "हे खरं आहे?"

"तूच म्हणालीस, खरा सांगा."

"मग इतकी वर्षं का नाही सांगितलंत? तिला नाही तर नाही, मला?"

तो विहिरीच्या कठड्याला टेकून उभा होता. "मराठीत येत नाय मना ता," तो म्हणाला. "इंग्रजीत दुसऱ्याच कोणाचा तरी भाऊ वाटतो."

मला त्याला मारावंसं वाटलं आणि जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्हींतलं काहीच केलं नाही. मी म्हटलं, दुसरी काहीतरी गोष्ट बघू आपण. तो म्हणाला, दुसरी नाय येत. आणि ते खरं होतं. एवढी एकच गोष्ट त्याला इंग्रजीत येत होती.

त्यामुळे पुढचे दिवस आम्ही तीच घोटली. काय सांगू, किती घाणेरडे दिवस होते ते. नोकरी हवी होती. वयाची अट आमच्यासाठी थांबणार नव्हती. शेठचा नवा तांडेल वाडीतून छाती काढून फिरत होता. जाऊ आता पडवीत बसत नव्हती, स्वयंपाकघरात बसून काम करायची, आणि आम्ही दोघंही स्वतःला समजावत होतो की तिला काय कळलं असणार, नववी नापास बाई, चार शब्द कानावर पडले असतील. आम्ही हे एकमेकांना बोलूनही दाखवलं. तिने पाठ केलेली तीन-तीन रूपं आम्ही दोघांनी सोयीस्कर विसरून टाकली. आणि रोज दुपारी माझा दीर आमच्या पडवीत इंग्रजीतून बुडत होता. मी त्याच्या बुडण्यात 'फर्स्ट' घातलं, 'आफ्टर दॅट' घातलं, शेवटी 'फायनली' घातलं. नवऱ्याचं वाक्य दिवसागणिक सुधारत होतं. मला शिक्षक म्हणून कधी इतकं यश आलं नव्हतं, आणि मला रोज रात्री जेवण जात नव्हतं.

जायच्या आदल्या दुपारी शेवटचा सराव होता. तो सुरेख बोलत होता. वारं आलं, जाळं गेलं, भाऊ उतरला. मग घाईत जुनी सवय उफाळून आली.

"आय होल्ड द रोप," तो म्हणाला.

मी तोंड उघडणार तोच स्वयंपाकघरातून आवाज आला.

"हेल्ड."

रागाचा आवाज नव्हता. रडवेला नव्हता. ती नेहमी सांगायची तसं तिने सांगितलं. आत विळीवर काहीतरी चिरायचा आवाज चालूच राहिला. नवरा माझ्याकडे बघत होता, मी दाराकडे. मी हळूच म्हटलं, "पुरे आता." पण तो थांबला नाही. मला वाटतं थांबला असता तर त्याला आयुष्यात पुन्हा ते वाक्य म्हणता आलं नसतं. "आय हेल्ड द रोप," तो म्हणाला, आणि शेवटपर्यंत गेला, एकही चूक न करता.

तो सकाळच्या गाडीने मुंबईला गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला तेव्हा मी शाळेत होते, व्हरांड्यात येऊन घेतला.

"झाला," तो म्हणाला.

"विचारलं?"

"विचारला. सांगितला."

"मग?"

"गुड डिसिजन म्हणाले." मग म्हणाला, "घेतलाय मना."

मी वर्गात परत गेले. फळ्यावर कालची वाक्यं तशीच होती. मी ती पुसली आणि पोरांना चित्रं काढायला सांगितली.

व्हिसा यायला महिना गेला. त्या महिन्यात जाऊ आमच्याशी नीट वागत होती. बोलायची, वाढायची, आमच्या मुलीचे केस विंचरून द्यायची. फक्त तिने भावोजींची थट्टा करणं बंद केलं. मी एकदा धीर करून तिच्याजवळ बसले. म्हटलं, "ताई, तुम्हाला सगळं समजलंय. मी तुम्हाला—"

"तू व्हतीस बोटीवर?" तिने विचारलं.

"नाही."

"मग तू काय सांगणार गो?"

ती तिच्या जागी बरोबर होती. माझ्याकडे ती गोष्ट होतीच कुठे? माझ्याकडे फक्त त्या गोष्टीची दुरुस्त केलेली वाक्यं होती.

नवरा निघाला त्या सकाळी वाडीतली माणसं जमली होती. देवापुढे नारळ झाला, नमस्कार झाले. रिक्षा उभी होती. तो जावेच्या पाया पडायला वाकला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो सरळ उभा राहिल्यावर, फक्त आम्हा तिघांना ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "भावोजी, सायबांना सांगितलात ना. आता मना सांगा. मराठीत."

मी नवऱ्याकडे बघत होते. त्याने तोंड उघडलं, ते मी बघितलं. ओठ हलले. ती वाट बघत उभी होती. ती रडली असती, ओरडली असती, त्याला थोबाडीत मारली असती, काहीही झालं असतं तरी त्यानंतर तिला कुंकू पुसून एकदाचं बसता आलं असतं, माहेरच्यांनी परत एकदा स्थळाचं नाव काढलं असतं, निदान दिवस तरी घालता आले असते. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य त्याने परक्या साहेबांसमोर अस्खलित म्हटलं होतं.

"वयनी," तो म्हणाला. मग बॅगेचा पट्टा खांद्यावर चढवला. "गाडी चुकंल."

आणि गेला.

ती उंबऱ्यात उभी राहून रिक्षा वळेपर्यंत बघत राहिली. मग आत गेली, हातपाय धुतले, फणेरपेटी काढली आणि रोजच्यासारखं कुंकू लावलं. मी बघतेय हे तिला आरशात दिसत होतं. "मना कोणी काय सांगितला नाय," ती म्हणाली.

तेव्हापासून हे असंच चालू आहे. पैसे वेळेवर येतात. घराची कौलं नवी झाली. नवऱ्याचं इंग्रजी आता माझ्यापेक्षा सफाईदार झालंय, वायरलेसवरचं आपलं बोलणं तो कधीकधी मोबाइलवर पाठवतो, ते इतकं वेगात असतं की मला दोनदा ऐकावं लागतं. मी अजून तिसरीला भूतकाळ शिकवते, पण दर वर्षी तो धडा आला की माझा आवाज बसतो आणि पोरं मला पाणी आणून देतात. नवऱ्यावर माझं प्रेम आहे. मी त्याच्याशी मोकळेपणी बोलू शकेन असं मला आता वाटत नाही. आणि जावेकडे बघितलं की असं वाटतं, आम्ही दोघांनी मिळून तिचा नवरा दुसऱ्यांदा बुडवला, आणि या वेळीही प्रेत तिच्या हाती दिलं नाही.

दर शुक्रवारी तो फोन करतो. माझ्याशी बोलतो, मुलीशी बोलतो, आणि शेवटी म्हणतो, वयनीला दे. जाऊ पदराला हात पुसून फोन घेते. मी शेजारीच असते, त्याचा आवाज मला ऐकू येतो.

"वयनी, जेवलात काय?"

"जेवले."

"तब्येत बरी हाय ना?"

"बरी हाय."

मग ती काहीच बोलत नाही. फोन कानाला घट्ट धरून, डोळे मिटून, पुढच्या वाक्याची वाट बघत उभी राहते. तिकडे तोही गप्प. परवा असाच बराच वेळ गेला. शेवटी तिने फोन कानापासून काढला आणि माझ्या हातात दिला.

"रेंज गेली वाटतं," ती म्हणाली आणि आत गेली.

फोन चालूच होता. मी कानाला लावला तर तो पलीकडून विचारत होता, "वयनी? वयनी, ऐकू येतंय ना?"